धार दाट झाली की

येळ्ळूरच्या आमच्या खळ्यावर भाताची मळणी संपली की आजोबा, ज्यांना आम्ही सारे आबा म्हणत असू, तीन पायांच्या उंच वावडीवर चढत आणि खालून कोणीतरी भरलेले सूप त्यांच्या हाती देई. वारा सुटलेला असला म्हणजे ते सूप जरासे कलते करून धान्याची धार सोडत. भरलेला दाणा जवळजवळ सरळ खाली येई, पोचट दाणा हातभर पुढे पडे आणि फोलपट आणखी दूर जाऊन बसे. एका दुपारी मी हट्ट करून वावडीवर चढलो आणि सूप एकदम रिते केले, तेव्हा फोलपटाचा मोठा भाग दाण्यांबरोबर राशीतच पडला. ‘दमानं सोड रे, धार बारीक ठेव,’ एवढेच आबा म्हणाले आणि ती रास पुन्हा सुपात भरू लागले.

बारीक धारेत प्रत्येक दाणा एकट्याने वाऱ्याला सामोरा जातो, आणि दाट धारेत दाणे एकमेकांचा वारा अडवतात, हे त्या वेळी मला शब्दांत सांगता आले नसते. धार दाट झाली की ती नुसती वाऱ्यात पडत नाही. ती स्वतःभोवतीचा वाराच बदलते, आणि मग कोणता दाणा कोठे पडेल हे केवळ वारा आणि दाण्याचे वजन यांवरून काढता येत नाही. कणत्वरकातील, म्हणजे प्रोटॉनसारख्या कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रातील, कणांच्या झोताच्या अपस्करणाचे गणित करताना गेल्या वर्षी मी जी चूक केली, ती नेमकी याच जातीची होती. त्या चुकीत माझे तीन आठवडे गेले.

अपस्करण हा शब्द आपल्याला शाळेतल्या लोलकाच्या धड्यातून ठाऊक असतो. तेथे पांढऱ्या प्रकाशातील रंग वेगवेगळ्या कोनांत वळतात. वर्तुळाकार त्वरकात लोलकाची जागा वळवणारे चुंबक घेतात आणि रंगाची जागा संवेग घेतो. झोतातील सगळ्या प्रोटॉनांचा संवेग कधीच तंतोतंत सारखा नसतो. हजारात एखाद्या भागाइतका फरक सहज असतो. ज्याचा संवेग अधिक तो चुंबकात कमी वळतो आणि वळणाच्या बाहेरच्या अंगाने जातो. ज्याचा कमी तो आतल्या अंगाने. वळणाबरोबर झोताला एकत्र धरून ठेवणारे चतुर्ध्रुवी चुंबकही वाटेत असल्यामुळे हा कण भरकटत नाही, तर मध्यवर्ती मार्गाच्या बाजूला स्वतःचा एक बंद मार्ग धरतो. संवेगातील सापेक्ष फरकाला ज्या लांबीने गुणले असता हे बाजूला सरकणे मिळते, ती लांबी म्हणजे त्या ठिकाणचे अपस्करण. ते १.६ मीटर असेल, तर एक सहस्रांश अधिक संवेगाचा कण १.६ मिलिमीटर बाहेर चालतो. इथवरचे सारे गणित केवळ चुंबकांचे आहे, आणि झोत विरळ असेल तोवर ते चोख उतरते.

मात्र प्रोटॉन एकमेकांना ढकलतात. समान प्रभारांचे हे प्रतिकर्षण झोताच्या आतूनच निर्माण होते आणि त्याला स्पेस चार्ज म्हणतात. परिभाषाकोशातला ‘अवकाश प्रभार’ हा प्रतिशब्द व्याकरणाने निर्दोष असला, तरी हे काम करणाऱ्या कोणाच्या तोंडी मी तो ऐकलेला नाही, म्हणून येथे रूढ शब्दच वापरतो. या प्रतिकर्षणाला एक उतारा निसर्गानेच ठेवला आहे. एकाच दिशेने धावणारे प्रभार म्हणजे समांतर विद्युत्प्रवाह, आणि समांतर प्रवाह एकमेकांना खेचतात. कण जितके वेगवान, तितके हे चुंबकीय खेचणे विद्युत ढकलण्याच्या बरोबरीला येते. शेवटी उरणारे बल मूळ बलाला सापेक्षतेतील गॅमा या राशीच्या वर्गाने भागून मिळते. कणाची एकूण ऊर्जा त्याच्या स्थिर असतानाच्या ऊर्जेच्या किती पट आहे, ते गॅमा सांगतो. मुंबईत तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील रेषीय त्वरकात प्रोटॉनांचा प्रवास ५० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेला सुरू होतो (इलेक्ट्रॉनव्होल्ट हे कणांची ऊर्जा मोजण्याचे एकक). तेथे त्यांचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या जेमतेम एक टक्का, म्हणजे सेकंदाला सुमारे ३,१०० किलोमीटर असतो, आणि चुंबकीय खेचणे विद्युत ढकलण्याचा दहा हजारावा भागच भरून काढते. इंदूरच्या इंडस-२ या वर्तुळाकार त्वरकात फिरणाऱ्या २.५ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या इलेक्ट्रॉनांचा गॅमा सुमारे ४,९०० आहे. त्यांच्यातले प्रतिकर्षण सुमारे २ कोटी ४० लाख पटींनी मंदावलेले असते. म्हणून स्पेस चार्ज हा मुख्यतः जड आणि अजून पुरता वेग न घेतलेल्या कणांचा, म्हणजे त्वरकाच्या पहिल्या पायऱ्यांवरचा प्रश्न आहे.

या प्रश्नापायी जिनीव्हाच्या सर्न या कणभौतिकी संस्थेने आपल्या त्वरकांच्या साखळीतला पहिल्या पायरीवरचा रेषीय त्वरक बदलला. १९७८ पासून चाललेला जुना यंत्रसंच प्रोटॉनांना ५० मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत नेऊन पुढच्या बूस्टर वर्तुळात सोडत असे. नवा लिनॅक-४ ही ऊर्जा १६० पर्यंत नेतो. आकडा तिपटीने वाढलेला दिसला, तरी हेतू दुपटीचा होता. झोतावर स्पेस चार्जचा परिणाम किती होईल हे ज्या गुणाकारावर ठरते, तो म्हणजे प्रकाशाच्या तुलनेतला वेग गुणिले गॅमाचा वर्ग, ५० वर ०.३५ भरतो आणि १६० वर ०.७१. म्हणजे तेवढाच त्रास सोसून त्याच आकारमानाच्या झोतात दुप्पट कण मावतात. वर्गात हे उदाहरण मी दर वर्षी फळ्यावर सोडवून दाखवतो, कारण त्याला सापेक्षतेची दोन सूत्रे आणि पाच मिनिटे पुरतात, आणि एवढ्या मोठ्या यंत्राचा निर्णय वहीच्या एका पानावर पडताळून पाहता येतो याचे मुलांना अप्रूप वाटते.

आता अपस्करण आणि स्पेस चार्ज एकत्र आले की काय होते? चतुर्ध्रुवी चुंबक कणांना सरासरीने आत खेचतात आणि स्पेस चार्ज बाहेर ढकलतो, म्हणून एकंदर पकड सैल होते. कण एका फेरीत मार्गाभोवती जितक्या वेळा हेलकावे घेतो त्या संख्येला ट्यून म्हणतात. पकड सैल झाली की ट्यून उतरते. ढोबळ हिशेबात अपस्करण म्हणजे वर्तुळाची सरासरी त्रिज्या भागिले ट्यूनचा वर्ग. समजा त्रिज्या १० मीटर आहे आणि ट्यून २.५, मग अपस्करण १.६ मीटर येते. स्पेस चार्जमुळे ट्यून दहा टक्क्यांनी उतरून २.२५ झाली, तर तेच अपस्करण जवळजवळ १.९८ मीटर होते. चुंबक, त्यांतला प्रवाह आणि वर्तुळ यांपैकी काहीही बदललेले नसते. केवळ झोत दाट झाला म्हणून प्रत्येक कणाचा मार्ग सरकतो. गंमत पुढे आहे. अपस्करण वाढले की वेगवेगळ्या संवेगांचे कण आणखी पसरतात आणि झोत रुंदावतो. झोत रुंदावला की घनता घटते आणि स्पेस चार्ज ओसरतो. स्पेस चार्ज ओसरला की अपस्करणही थोडे मागे येते. कोणता आकडा आधी काढायचा हे ठरवता येत नाही. दोन्ही एकदमच काढावे लागतात.

मी टिळकवाडीतल्या घराच्या माळ्यावर एका जुन्या संगणकावर हे गणित करत होतो. बेळगावातल्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाजवळ खराखुरा झोत असण्याचा प्रश्नच नसतो, त्यामुळे सिम्युलेशन हीच माझी प्रयोगशाळा. तिची रीत सांगण्यासारखी आहे. झोतात एक लाख कोटी प्रोटॉन धरले, तर त्यांतील प्रत्येक जोडीचे बल काढणे कोणत्याही संगणकाला शक्य नाही. म्हणून दहा लाख प्रतिनिधी कण घ्यायचे, आणि प्रत्येकाने दहा लाख प्रोटॉनांचा भार वाहायचा. झोतावर एक काल्पनिक जाळी पसरायची, प्रत्येक कणाचा प्रभार शेजारच्या गाठींवर वाटून द्यायचा, त्या जाळीवर पॉयसनचे समीकरण फूरिये रूपांतराच्या साहाय्याने सोडवून विद्युतक्षेत्र मिळवायचे, आणि ते पुन्हा कणांपर्यंत आणून प्रत्येकाला छोटासा धक्का द्यायचा. चुंबकातून अर्धे पाऊल, एक धक्का, पुन्हा अर्धे पाऊल. एका फेरीत अशी शेकडो पावले आणि अशा हजारो फेऱ्या. संध्याकाळी लावलेले गणित उजाडेपर्यंत चाले, आणि मध्येच वीज गेली तर इन्व्हर्टरची घरघर ऐकत मी अंथरुणातच फेऱ्यांचा हिशेब करी.

माझ्या वर्तुळात चार वळणे होती आणि त्यांच्यामध्ये चार सरळ भाग. वळणांतल्या चुंबकांची मांडणी अशी होती की सरळ भागात अपस्करण शून्य व्हावे. झोताच्या पसाऱ्याचे माप म्हणून एमिटन्स ही राशी वापरतात. कण आडवे किती पसरले आणि त्यांच्या दिशा किती पसरल्या, या दोन्हींचा हिशेब तीत असतो. पहिल्याच रात्री माझे एमिटन्स भसाभस वाढलेले दिसले. स्पेस चार्ज झोत बिघडवतो हे पुस्तकांत वाचलेलेच होते, त्यामुळे मला ते खरे वाटले, आणि पहिला आठवडा मी त्या बिघाडाची कारणे शोधण्यात घालवला. अपेक्षेप्रमाणे आलेल्या चुकीच्या उत्तराइतके फसवे दुसरे काही नसावे.

शंका आली ती आलेखाच्या चढउतारामुळे. खरोखर वाढलेले एमिटन्स सहसा परत येत नाही, कारण विस्कटलेला झोत आपोआप आवरला जात नाही. माझे एमिटन्स मात्र प्रत्येक वळणात चढत होते आणि सरळ भागात उतरत होते. म्हणजे बिघाड झोतात नव्हता, मोजण्यात होता. वळणात निरनिराळ्या संवेगांचे कण आपापल्या मार्गांवर शिस्तीने चालत होते, आणि त्या शिस्तीच्या पांगण्यालाच मी विस्कळीतपणा समजून मोजत होतो. उफणलेल्या भातात दाणे एकीकडे आणि फोलपट दुसरीकडे पडलेले पाहून ‘सगळे विखुरले’ म्हणावे, असा तो प्रकार होता. प्रत्येक कणाच्या स्थानातून त्याच्या संवेगामुळे आलेला भाग वजा करून मगच एमिटन्स काढायला हवे, हे मी स्वतः विद्यार्थ्यांना सांगत आलो होतो.

ते वजा केले. आलेख बराच सपाट झाला, पण पुरता नाही. सरळ भागातही, जेथे वजा करण्यासारखे काही असायलाच नको होते, तेथे एक उंचवटा उरला. दुसरा आठवडा मी जाळीवर संशय घेण्यात घालवला, आणि तो संशय अगदीच निराधार नव्हता. चौसष्ट गुणिले चौसष्ट गुणिले चौसष्ट घरांच्या जाळीत २,६२,१४४ घरे होतात. दहा लाख कण त्यांत समान वाटले तर घराला चारही पूर्ण येत नाहीत. चाराच्या संख्येत योगायोगानेच दोनाचा फरक पडतो, आणि हा गोंगाट कणांना विनाकारण धक्के देत राहतो. खऱ्या प्रोटॉनांची संख्या प्रचंड असल्यामुळे खऱ्या झोतात हा गोंगाट इतका नसतो. तो आपल्या कंजूषपणाचा आहे. त्यावरची परीक्षा सोपी आहे, फक्त वेळखाऊ: कण वाढवून पाहायचे. गोंगाटातून आलेली वाढ कणांच्या संख्येबरोबर घटत जाते. माझा उंचवटा घटला नाही.

तिसऱ्या आठवड्यात चूक सापडली. वजा करताना मी जे अपस्करण वापरले होते, ते रिकाम्या वर्तुळाचे होते. चुंबकांच्या गणितातून आलेली ती आकड्यांची यादी मी डोळे झाकून घेतली होती, जणू मार्ग आधीच आखलेला आहे आणि झोत फक्त त्यावरून चालतो. झोत सलग होता, त्याचे गुच्छ केले नव्हते, म्हणून प्रत्येक कणाचा संवेग शेवटपर्यंत तोच राहत होता. तेव्हा कणांची स्थाने आणि त्यांचे संवेग यांचा परस्परसंबंध थेट त्या दहा लाख कणांवरूनच काढता येत होता. तो काढला, आणि दाट झोताचे अपस्करण रिकाम्या वर्तुळाच्या अपस्करणाहून वेगळे निघाले. सरळ भागात ते शून्य नव्हतेच. चार वळणांची ती काळजीपूर्वक केलेली जुळणी रिकाम्या वर्तुळासाठी होती. स्पेस चार्जने पकड सैल करताच ती मोडली आणि अपस्करण सरळ भागांत पाझरले.

नंतर जुने शोधनिबंध काढून बसलो तेव्हा थोडी लाजच वाटली, कारण वाट रुळलेली होती. स्पेस चार्ज असलेल्या झोताच्या कडेचे समीकरण कापचिन्स्की आणि व्लादिमिर्स्की यांनी १९५९ साली मांडले, पण ते एका विशिष्ट, सर्वत्र सारख्या घनतेच्या आदर्श झोतापुरते होते. १९७१ साली फ्रँक सॅशरर यांनी दाखवले की झोताची मांडणी लंबवर्तुळी सममितीची असेल, तर आतली घनता कशीही असली तरी रुंदीचे सरासरी माप तेच समीकरण पाळते. हे सॅशरर योसेमिटीच्या कड्यांवर नाव कमावलेले गिर्यारोहक होते, आणि १९७८ साली आल्प्समध्येच त्यांचा अंत झाला. त्यांच्या समीकरणाशी या माहितीचा काही संबंध नाही, पण ते समीकरण लिहिताना मला दर वेळी कडा दिसतो. अपस्करण मात्र या चौकटीबाहेर राहिले होते. ते तीत आणण्याचे काम १९९८ साली झाले: एकीकडे व्हेंचुरिनी आणि राइझर यांनी, आणि त्याच वर्षी स्वतंत्रपणे ली आणि ओकामोटो यांनी. अपस्करणाच्या समीकरणात स्पेस चार्जचे पद घालायचे, आणि झोताच्या रुंदीत अपस्करणाचे. माझे तीन आठवडे त्यांच्या एका ओळीत मावतात.

तरी एक गोष्ट मला त्या ओळीतून नव्हे, तर माझ्याच हट्टातून कळली, आणि हा लेख खरे तर तिच्यासाठी लिहितो आहे. प्रत्यक्ष यंत्रावर अपस्करण मोजण्याची रूढ पद्धत अशी: सगळ्या झोताचा संवेग किंचित वाढवायचा आणि झोताचा मध्य किती सरकला ते पाहायचे. मी तेच संगणकात केले. प्रत्येक कणाला एक सहस्रांश अधिक संवेग दिला आणि मध्य मोजला. उत्तर आले ते रिकाम्या वर्तुळाचेच, जणू स्पेस चार्ज अस्तित्वातच नाही! कणांच्या परस्परसंबंधातून आलेले अपस्करण वेगळे आणि मध्याच्या सरकण्यातून आलेले वेगळे. दोन्ही आज्ञावल्या चार वेळा तपासल्या. चूक कोठेच नव्हती. झोत सबंध सरकतो तेव्हा त्याचे प्रतिकर्षणही त्याच्याबरोबर सरकते. आतले कण एकमेकांना कितीही ढकलोत, त्या सगळ्या ढकलण्याची बेरीज शून्यच असते, म्हणून मध्याला त्याचा पत्ता लागत नाही. नळीच्या भिंतींत उमटणाऱ्या प्रतिमा-प्रभारांमुळे यात थोडा फरक पडतो, तो मी धरला नव्हता. एकटा कण बाजूला सरकला, तर मात्र उरलेला झोत जागेवरच असतो आणि त्याला आणखी बाहेर लोटतो. म्हणजे मोजण्याच्या रूढ पद्धतीला जे अपस्करण दिसते, ते झोतातल्या एकाही कणाच्या वाट्याला आलेले नसते.

हे लक्षात आले त्या संध्याकाळी मला आत्याची आठवण झाली. तिचे सासर चंदगड तालुक्यातले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. चंदगड मात्र मुंबई राज्यातच राहून कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. आमचे येळ्ळूर सबंधच्या सबंध गेले. तेच शेजारी, तेच खळे, तोच गुरवाचा वाडा. कोणी कोणापासून तसूभर दूर झाले नाही. गावाच्या मध्याचे सरकणे नकाशावर मोजता आले. पण आत्या दर दिवाळीला माहेरी यायची ती परराज्यात, आणि तिच्या वाटेचा हिशेब गावाच्या सरकण्यात कोठेच नव्हता. या गोष्टीला आमच्याकडे इतके पदर आहेत, की ती उपमेसाठी वापरावी इतकी हलकी नाही, आणि भौतिकशास्त्राचे नियम माणसांना लावू नयेत असे माझे मतही आहे; म्हणून ती येथेच सोडतो.

उफणणीची उपमाही एका जागी तुटते, हे सांगायला हवे. दाणे एकमेकांना ढकलत नाहीत, फक्त वारा अडवतात. त्यामुळे दाट धारेत दाणा आणि फोलपट यांच्यातले अंतर घटते, तर दाट झोतात अपस्करण बहुधा वाढते. परिणामांची दिशा उलट आहे. सारखी आहे ती एवढीच गोष्ट, की धारेला विचारल्याशिवाय कोण कोठे पडेल ते सांगता येत नाही.

त्यानंतरचे काम सरळ होते, जरी झटपट नव्हे. रिकाम्या वर्तुळाचे अपस्करण धरून झोताची रुंदी काढायची, त्या रुंदीवरून स्पेस चार्ज, त्यावरून नवे अपस्करण, आणि त्यावरून पुन्हा रुंदी. आकडे प्रत्येक चकरेत कमी कमी हलत गेले आणि काही चकरांत स्थिरावले. मग वळणांतले चतुर्ध्रुवी चुंबक या नव्या अपस्करणासाठी पुन्हा जुळवले आणि झोतही त्याच मापाने वर्तुळात सोडला. रात्रभर गणित चालले. सकाळी पडद्यावर सरळ भागातील उंचवटा जवळजवळ मावळलेला होता, पण पुरता नव्हे. त्या उरलेल्यात गोंगाट किती आणि खरे किती हे पाहण्यासाठी कण दहापट केले, गणित पुन्हा लावले आणि खाली चहाला गेलो.